दुरुस्तींतील चूक

आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यांत जव्हारास भेटीला आला होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत तो यंत्रदुरुस्तीचें काम करितो. बोलतां बोलतां त्यानें एक गोष्ट सांगितली. एका रात्रीं चालू पंप बंद आहे असें समजून तो त्याचें झांकण उघडावयास गेला. मदतनीसानें मनगट धरलें म्हणून अनर्थ टळला. "गुरुजी, पंधरा वर्षें हेंच काम करितों, तरी हात चुकला कसा?" असें त्यानें विचारलें.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं. ता. १० जून १९९० रोजीं एका ब्रिटिश प्रवासी विमानाची पुढची कांच सुमारें १७,००० फुटांवर निखळली व वैमानिकाचें अर्धें शरीर बाहेर ओढलें गेलें. सहकाऱ्यांनीं पाय धरून ठेविले म्हणून तो वांचला. कांच नुकतीच बदललेली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ किंचित् बारीक होते. ते बसविणारा नवशिका नव्हता. पाळीचा अनुभवी प्रमुखच होता. परंतु वेळ उत्तररात्रीची, माणसें थोडीं, आणि बोल्ट पुस्तकांतील मापानें न निवडतां जुन्या बोल्टाशीं नजरेनें जुळविलेले!

तत्पूर्वीं, ता. ६ जुलै १९८८ रोजीं, उत्तर समुद्रांतील पायपर अल्फा या तेलवायूच्या केंद्रावर एका पंपाची सुरक्षाझडप दुरुस्तीसाठीं काढलेली होती. पाळी बदलली, पण ही वार्ता नव्या पाळीस कळली नाहीं. रात्रीं तोच पंप सुरू करण्यांत आला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. त्या आगींत १६७ माणसें दगावलीं.

अशा प्रसंगीं 'हात कोणाचा?' एवढेंच विचारून आपण मोकळे होतों. तो हात किती जागलेला होता, त्यास कोणी काय सांगितलें होतें, हें विचारीत नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं मनुष्याच्या स्मृतीवर आंधळा विश्वास ठेविला नाहीं. वेदरक्षणासाठीं त्यांनीं पद, क्रम, जटा, घन असे निरनिराळे पाठ बांधिले. एका पाठांत अक्षर ढळलें, तर दुसऱ्यांत तें उघडें पडावें. उत्तम पाठकही चुकेल, हें त्यांनीं आधींच मानिलें होतें. कारखान्यांत यंत्र उघडण्यापूर्वीं त्याच्या कळीस घातलेलें कुलूप, दुसऱ्यानें केलेली तपासणी, पाळी बदलतांना समोरासमोर वाचून दाखविलेली नोंद, हे त्याच जातीचे पाठ होत.

परंतु एक पाठ घरचाही आहे. "त्या दिवशीं झोंप झाली होती काय?" असें आम्हीं विचारलें. तो क्षणभर थांबला व संकोचानें म्हणाला, "घरीं पुतण्याचें बारसें होतें, गुरुजी."

त्या बारशास आम्हीही गेलों होतों. रात्रपाळी करून तो माडीवर निजला होता. 'गुरुजी आले आहेत' म्हणून त्यास उठविण्यांत आलें, आणि आम्हीं त्याच्याशीं दोन तास गप्पा मारिल्या.

वाचकहो, आपल्या घरीं रात्रपाळीचा माणूस असेल, तर दिवसां त्याच्या दारावरून पाय न वाजवितां जावें. पाहुणा कितीही मानाचा असो, त्यास उठवूं नये. आमच्यासारखा असेल, तर मुळींच उठवूं नये.