विभागीय मेळावा कुठे घ्यायचा?

मार्चअखेर जवळ आली की आपल्या क्षेत्रात समन्वय कार्यशाळांचा हंगाम सुरू होतो. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, दोन सत्रे, भोजन, प्रमाणपत्र. निधी खर्ची पडतो, फोटो अहवालाला लागतात. या प्रकाराची टिंगल आपण सगळेच जेवणाच्या रांगेत करतो. तरीही आरोग्य आणि समाजकल्याणाच्या माणसांनी एकत्र बसण्याची गरज खरी आहे. गडबड आहे ती नकाशात.

महाराष्ट्राचे महसुली विभाग ६, आरोग्य सेवेची परिमंडळे ८ आणि आदिवासी विकासाचे अपर आयुक्त ४. महसुली विभाग अमरावतीचा, पण त्याचे आरोग्य उपसंचालक बसतात अकोल्याला. रत्नागिरी-सिंधुदुर्ग महसुलात कोकण, आरोग्यात कोल्हापूर. बीड महसुलात छत्रपती संभाजीनगरकडे, आरोग्यात लातूरकडे. तेव्हा 'विभागीय' म्हणून बोलावलेल्या बैठकीत नेमका कोणता विभाग जमला आहे, हे चहा होईपर्यंत कळत नाही. हद्दी कायद्याने जुळवता येतात. इंग्लंडने २०२२ मध्ये आरोग्य आणि सामाजिक सेवांची आखणी एकत्र व्हावी म्हणून ४२ प्रादेशिक यंत्रणांना कायद्याचा आधार दिला. पण हद्द कशीही आखा, बीडचा ऊसतोड कामगार ती ओलांडणारच.

दिवाळीच्या आसपास बीडच्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागांतली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी सांगली-कोल्हापूरकडे जाते, सोलापूरकडे जाते, काही थेट कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम फडाजवळच्या पालांवर. जाताना बाई पाचव्या-सहाव्या महिन्यात असेल, तर गावच्या आशाने तिची नोंदणी केलेली असते, माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्या तपासण्यांच्या नोंदी असतात. पुढची तपासणी ज्या आरोग्यसेविकेने करायची, तिला ही बाई आपल्या उपकेंद्राच्या हद्दीत आली आहे याचा पत्ताच नसतो. तिथल्या आशाच्या यादीत ती नाही. अंगणवाडीच्या पटावर तिचे तीन वर्षांचे पोर नाही. आणि दवाखान्यात जायचे तर एक खाडा, खाड्याचा दंड.

हा दंड आरोग्याच्या कुठल्याही नमुन्यात भरला जात नाही, पण निर्णय तोच घेतो. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यावर डॉक्टरांविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच होते. मात्र पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडावर ना पाणी ना आडोसा, ही बाजू आरोग्य खात्याच्या एकट्याच्या आवाक्यातली नाही. तिथे कामगार, सामाजिक न्याय, महिला-बालविकास आणि साखर कारखाना हे सगळे लागतात.

कारखान्याचे नाव आले की आपल्यातले बरेच जण चाचरतात. बैठकीला त्यांना बोलावले जात नाही. बोलावलेच तर अध्यक्षांना, आणि तेही सत्कारासाठी. वास्तविक टोळ्या कुठे आहेत याची सर्वांत ताजी माहिती कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असते. कोणता मुकादम, किती कोयते, या आठवड्यात कोणत्या गावच्या शिवारात तोड, हे कळल्याशिवाय गाळपच चालणार नाही. शेतकी अधिकारी आणि गावोगाव फिरणारा चिटबॉय यांना जे रोज ठाऊक असते, ते प्राथमिक आरोग्य केंद्राला पट्टा पडेपर्यंत कळत नाही. आपण मात्र स्थलांतरितांच्या सर्वेक्षणासाठी नवा तक्ता छापतो.

म्हणून सुचवावेसे वाटते की विभागीय मेळावा उसाच्या वाटेवर घ्या. बीडचे दोन तालुके आणि त्यांच्या टोळ्या जिथे जातात ते कोल्हापूर किंवा सांगलीचे दोन तालुके, एवढाच 'विभाग'. वेळ भाद्रपदातली, टोळ्या निघायच्या आधीची. खुर्च्यांवर दोन्हीकडच्या आशा, अंगणवाडी सेविका आणि मुख्यसेविका, तालुका आरोग्य अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, शेतकी अधिकारी, दोन-तीन मुकादम आणि ऊस तोडणाऱ्या बायका. त्या बायकांना मनोगतासाठी शेवटची पाच मिनिटे देऊ नयेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

दिवसभरात काम एकच: निघणाऱ्या गरोदर मातांची, तीव्र कुपोषित बालकांची आणि क्षयरुग्णांची यादी समोर ठेवायची आणि प्रत्येक नावासमोर पलीकडच्या कोणाचा तरी फोन नंबर लिहायचा. क्षयरोगात हे काही प्रमाणात होते. निक्षयवर रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे वळवता येते. तरी नोंद वळली म्हणजे गोळ्या पालापर्यंत पोचल्या असे होत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

लोकांसमोर नावानिशी बोलण्याची सवय या राज्याला नवी नाही. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीच्या जनसुनवाया झाल्या. अमुक केंद्रात डॉक्टर राहत नाहीत, तमुक ठिकाणी बाहेरची औषधे लिहून देतात, असे थेट विचारले गेले. अधिकाऱ्यांना ते रुचले नाही, काही ठिकाणी खडाजंगी झाली. पण त्या सभांना 'कोणत्या केंद्रात' आणि 'कोणी' हे दोन प्रश्न टाळता येत नव्हते. आपल्या कार्यशाळांत ते कधी विचारलेच जात नाहीत.

जिल्ह्याच्या आत हे तुलनेने सोपे आहे, कारण ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महिला-बालविकासाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी एकाच जिल्हा परिषदेच्या छताखाली असतात. जिल्हा ओलांडला की अवघड. तरी सुरुवातीला दोन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी एकमेकांना पत्र लिहिले तरी भागेल, शासन निर्णयाची वाट पाहायला नको. पैशांची एक गोष्ट मात्र आधी ठरवावी. अधिकाऱ्यांना प्रवासभत्ता मिळतोच. आशाचा मोबदला बऱ्याच अंशी कामागणिक असतो. बैठकीला आली की त्या दिवसाचे काम राहते. तिचे बसभाडे आणि त्या दिवसाचा मोबदला पत्रात लिहून मंजूर करून घ्या, आणि तो पुष्पगुच्छांच्या वर लिहा.