रविवारी पेशींना कोण बघणार?

टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम, करणाऱ्याला रविवार नसतो. फ्लास्कमधला गुलाबी पोषक मीडिया पिवळा पडू लागला की तो बदलावाच लागतो. उद्यावर टाकलं तर आठवड्यांची मेहनत वाया. मी पीएच.डी. करत होते तेव्हा लेक दीड वर्षाची होती. रविवारी तिला शेजारच्या काकूंकडे सोडायचं, लोकलने लॅब गाठायची, तासभर हुडसमोर बसायचं आणि पळत परत यायचं. एका शनिवारी काकू गावाला गेल्या. सोमवारी इनक्युबेटर उघडला, तर स्तनाच्या कर्करोगाच्या माझ्या पेशी तळ सोडून तरंगत होत्या. गाईड म्हणाले, "घर की संशोधन, एकदा ठरवून टाका."

त्या दिवसांत मी कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांच्याविषयी मिळेल ते वाचत असे. 1917 साली पुण्यात जन्मलेली समर्थांची मुलगी. हुजूरपागा, मग फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती. ती वनस्पतींच्या गुणसूत्रांत रमली. लग्नानंतर मुंबईत आल्यावर टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली 1949 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या कर्करुग्ण स्त्रीच्या पेशी 1951 मध्ये पहिल्यांदा वाढल्या त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. तिथली विद्या घेऊन रणदिवे मुंबईला परतल्या आणि परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकं आणि विषाणू यांचं नातं काय, हे त्या उंदरांवर शोधत राहिल्या. कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरही त्यांनी काम केलं. 1966 पासून चार वर्षं त्या संस्थेच्या संचालक होत्या. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं.

पण मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते दुसरंच. 1973 मध्ये अकरा सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने वाशीत नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवलं. बाईचं संशोधन कुठे अडतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण फेलोशिपवर काम करणारी विद्यार्थिनी सहसा कर्मचाऱ्यांत मोजलीच जात नाही. यूजीसी पीएच.डी.च्या काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती रजा देते, ते चांगलंच. दोनशे एक्केचाळिसाव्या दिवशी बाळ कुठे ठेवायचं? हा प्रश्न अजूनही त्या मुलीच्या सासूवर, आईवर किंवा शेजारच्या काकूंवर सोडलेला आहे. कर्करोगाचं संशोधन आणखी जोमाने व्हावं असं आपण म्हणतो आणि ते करायला सिद्ध झालेल्या मुली पस्तिशीच्या आत लॅब सोडताना बघत बसतो. माझ्या तुकडीतल्या सहा जणींपैकी आम्ही दोघीच उरलो. बाकीच्या चौघींपैकी एकीचेही हात कच्चे नव्हते.

संस्थाचालकांना आणि विद्यापीठांच्या कुलगुरूंना माझी विनंती आहे: नवी प्रयोगशाळा बांधाल तेव्हा इनक्युबेटरच्या खोलीसोबत पाळणाघराचीही जागा त्याच नकाशावर आखा. ते रविवारीही उघडं ठेवा. आणि फेलोशिपवरच्या मुलींचं नाव त्याच्या यादीत सर्वांत वर लिहा.