रेडिओच्या मोजमापालाही फिक्स्चर लागते

भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि चाकणच्या शॉपफ्लोअरवर एक गोष्ट नव्या ट्रेनीलाही लवकर कळते. मशीन कितीही महाग असो, जॉब धरून ठेवणारे फिक्स्चर ढिले असेल तर जॉब रिजेक्ट होतो. डेटम कुठे धरायचा, क्लॅम्प किती आवळायचा, गो-नो गो गेज तपासायला कधी पाठवायचा, हे एमआयडीसीच्या स्थापनेपासूनच्या साठ वर्षांत इथल्या हजारो हातांनी शिकून घेतले आहे. हे शहाणपण आपण धातूपुरतेच ठेवले. गाडीत शिरलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि रेडिओच्या मोजमापाचा प्रश्न आला की लहान कारखानदार हात वर करतो. ते काम मोठ्या प्रयोगशाळेचे, लाखो रुपयांच्या उपकरणांचे, असे तो धरून चालतो. ही समजूत आता टिकण्यासारखी नाही. रेडिओ लहरींचे प्राथमिक मोजमाप लहान कारखान्याच्या आणि कॉलेजच्या खिशाला परवडू लागले आहे. त्यात जी अवघड बाजू उरली आहे, ती फिक्स्चरची. वर्कशॉपमध्ये बनवलेली आरएफ, म्हणजे रेडिओ-वारंवारितेची, फिक्स्चर हा आजवर हौशी मंडळींचा उद्योग मानला गेला. या औद्योगिक पट्ट्याने तो आपले काम म्हणून उचलायला हवा.

गरज किती वाढली आहे ते आधी पाहू. अनेक गाड्यांची रिमोट किल्ली ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवते. टोलनाक्यावर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाचला जातो. सार्वजनिक प्रवासी वाहनांतल्या एआयएस-१४० प्रमाणाच्या ट्रॅकरला उपग्रहाचा अत्यंत क्षीण सिग्नल पकडावा लागतो. दुसरीकडे विजेवरच्या गाडीतले इन्व्हर्टर, चार्जर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतात आणि त्यातून नको असलेला रेडिओ गोंगाट तयार होतो. चेतक स्कूटर २०२० मध्ये विजेवर परत आली ती चाकणमध्ये बनून, आणि २०२२ पासून आकुर्डीत तिच्यासाठी वेगळा कारखाना उभा आहे. अशा गाड्यांना लागणारे दिवे, कन्व्हर्टर, वायरिंग हार्नेस आणि सेन्सर बनवणाऱ्या लहान पुरवठादारांना आपल्या मालाचा गोंगाट किती आणि तो कुठून येतो, हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

उपकरणांची अडचण गेल्या काही वर्षांत बरीच सुटली आहे. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर हे यंत्र एखाद्या भागाकडे ठरावीक वारंवारितेचा सिग्नल पाठवते आणि त्यातला किती परत आला, किती पलीकडे गेला, त्याचा टप्पा (फेज) किती सरकला, हे मोजते. एका जपानी हौशी रेडिओकाराने त्याची खिशात मावणारी आवृत्ती तयार करून आराखडा खुला केला, आणि २०१९ पासून चिनी कारखान्यांनी ती ‘नॅनोव्हीएनए’ या नावाने जगभर पोहोचवली. पाठोपाठ २०२० मध्ये एका डच हौशी तंत्रज्ञाचा, कोणत्या वारंवारितेला किती सिग्नल आहे ते दाखवणारा ‘टायनीएसए’ हा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आला. दोन्ही काही हजार रुपयांत मिळतात. सुरुवातीच्या नॅनोव्हीएनएची मजल सुमारे ९०० मेगाहर्ट्झपर्यंत होती, म्हणजे रिमोट किल्ली आणि फास्टॅग दोन्ही तिच्या कक्षेत येतात. मात्र या यंत्राला बाहेरच्या बाजूला असतात फक्त दोन गोल एसएमए कनेक्टर. तपासायचा भाग असतो चोक (गोंगाट अडवणारी कॉइल), कपॅसिटर, अँटेना किंवा फेराइटचे कडे. कनेक्टर आणि भाग यांच्यामधला दुवा यंत्रासोबत येत नाही, आणि खरे मोजमाप घडते ते तिथे.

दुवा किती महत्त्वाचा आहे, हे साध्या आकड्यांवरून समजते. सरळ तारेच्या एका मिलिमीटरला ढोबळमानाने एक नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. भागाला जोडलेली तार एक सेंटिमीटर लांब राहिली, तर १० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा एक ओहमपेक्षाही कमी, म्हणून दुर्लक्ष करता येते. तीच तार ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे २७ ओहमचा अडथळा बनते. पन्नास ओहमच्या व्यवस्थेत ही चूक निम्म्याहून अधिक भरते. उलट बाजूने पाहा. चार्जरच्या फिल्टरमधल्या चांगल्या चोकचा अडथळा ३० मेगाहर्ट्झला पाच हजार ओहम असावा अशी अपेक्षा धरू. फिक्स्चरच्या दोन टोकांमध्ये केवळ एक पिकोफॅरडची भटकी धारिता असली, तर त्या वारंवारितेला तिचाच अडथळा सुमारे ५,३०० ओहम होतो. मग आपण चोक मोजतो आहोत की दोन कनेक्टरमधली हवा, हे पडद्यावरची रेषा पाहून कळत नाही. यंत्र दोन हजारांचे असो वा वीस लाखांचे, ही चूक दोन्हींना सारखीच भोवते.

ती काढून टाकण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. डब्याचे वजन वजा केल्याशिवाय तुपाचे वजन कळत नाही, तसेच फिक्स्चरचा वाटा वजा केल्याशिवाय भागाचे मोजमाप कळत नाही. म्हणून कॅलिब्रेशन यंत्राच्या तोंडाशी करून थांबायचे नाही, भाग जिथे बसतो त्या जागी करायचे. तिथे एकदा काहीच न जोडता, एकदा तांब्याच्या पट्टीने शॉर्ट करून आणि एकदा ५० ओहमचा लोड लावून यंत्राला ओळख द्यायची. दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या साध्या एफआर-४ बोर्डावर सुमारे तीन मिलिमीटर रुंद पट्टी कोरली की ५० ओहमची लाइन तयार होते. लोडसाठी १०० ओहमचे, एक टक्का अचूकतेचे दोन चिप रेझिस्टर समांतर जोडले की काम होते. ५० ऐवजी ५०.५ ओहम आले, तरी परत येणारा सिग्नल पाठवलेल्याच्या दोनशेव्या भागाएवढाच असतो. मोठा अडथळा मोजायचा असेल तर भाग दोन पोर्टच्या मध्ये सलग जोडायचा आणि खाली जमीन-पट्टी तोडून धारिता कमी करायची. छोटा अडथळा मोजायचा असेल तर तो आडवा, जमिनीकडे जोडायचा. एवढ्या दोन-तीन बोर्डांवर पहिले वर्षभराचे शिक्षण होऊ शकते.

कारखान्याच्या दृष्टीने याहून उपयोगी फिक्स्चर म्हणजे वीजपुरवठ्याच्या तारेवरचा गोंगाट मोजणारे कृत्रिम जाळे. गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाण सिस्पर २५ त्यासाठी पाच मायक्रोहेन्रीची कॉइल सांगते. तिच्या पुरवठ्याच्या बाजूला एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, आणि मोजण्याच्या बाजूला ०.१ मायक्रोफॅरडमधून ५० ओहमचे तोंड. कॉइल गुंडाळता येणारा, पत्रा वाकवता येणारा आणि सोल्डरिंग नीट करणारा माणूस भोसरीत शोधावा लागत नाही. असे जाळे, टायनीएसए आणि संरक्षणासाठी मध्ये १० किंवा २० डेसिबलचा, सिग्नल क्षीण करणारा अटेन्युएटर, एवढ्यावर कन्व्हर्टरच्या दोन आवृत्त्यांपैकी कोणती शांत आहे, हे त्याच दिवशी कळते. अटेन्युएटर विसरला तर पुरवठा चालू करतानाचा झटका टायनीएसएचे तोंड जाळू शकतो. हे जाळे कमी व्होल्टेजच्या बॅटरीवरच वापरायचे. घरगुती विजेच्या मेन्सवर किंवा उच्च व्होल्टेजच्या बॅटरी पॅकवर असे प्रयोग करू नयेत, त्यात जीव जाऊ शकतो.

पहिला आक्षेप अर्थातच प्रमाणपत्राचा. वाहनांच्या विद्युतचुंबकीय सुसंगतीसाठी भारतात एआयएस-००४ चा तिसरा भाग लागू होतो आणि त्याची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच होते. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे, चाकणलाही तिचे केंद्र आहे. शिवाजीनगरला ईटीडीसी हे सरकारी इलेक्ट्रॉनिक्स चाचणी केंद्र आहे. मग घरगुती फिक्स्चरचा उपयोग काय? प्रमाणपत्रासाठी काहीच नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. पण प्रयोगशाळा ‘नापास’ सांगते तेव्हा दुरुस्ती कारखान्यातच करावी लागते. कोणता कपॅसिटर बदलायचा, कोणती तार वळवायची, फेराइटचा कोणता प्रकार घ्यायचा, याचे वीस प्रयोग तासावर भाडे घेणाऱ्या चाचणी चेंबरमध्ये कोणालाच परवडत नाहीत. कास्टिंगचा भाग सीएमएम या अचूक मोजणी यंत्रावर पाठवण्याआधी कारखाना तो व्हर्निअरने आणि गेजने तपासतोच. आरएफच्या बाबतीत मधली ही पायरी आपण गाळली आहे, आणि तिची किंमत लहान पुरवठादार भरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट. सुबक रंगीत आलेख दिसला की माणूस त्यावर विश्वास टाकतो, आणि घरगुती फिक्स्चर खोटा विश्वास देऊ शकते. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर याच पट्ट्याच्या क्वालिटी विभागात रोज वापरले जाते. मोटार उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ प्रमाणात मोजमाप पद्धतीचेच परीक्षण करावे लागते. गेज आर अँड आर करताना तोच भाग तोच माणूस पुन्हा मोजतो, मग दुसरा माणूस मोजतो. पसारा दहा टक्क्यांखाली असेल तर गेज चांगला मानतात, तीस टक्क्यांवर गेला तर तो वापरातून काढतात. आरएफ फिक्स्चरलाही हाच नियम लावावा. एक माहितीतला रेझिस्टर आणि एक माहितीतला कपॅसिटर ‘मास्टर पीस’ म्हणून डबीत ठेवावेत. दर पाळीच्या सुरुवातीला ते मोजून उत्तर वहीत लिहावे. कोणत्या वारंवारितेपर्यंत उत्तर बरोबर येते ती मर्यादा फिक्स्चरवरच कोरावी. ज्या फिक्स्चरची चूक लिहून ठेवली आहे त्याला गेज म्हणता येते. ज्याची चूक माहीत नाही ते बाजारातून कितीही किमतीला आणले तरी भरवशाचे नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. तयार फिक्स्चर विकत मिळतात, मग बनवत का बसायचे? ठरावीक आकाराच्या भागांसाठी जरूर विकत घ्यावीत. पण तुमच्या हार्नेसचा कनेक्टर, तुमच्या किल्लीतला बोर्ड, तुमच्या चोकची रुंदी बाहेरच्या कॅटलॉगमध्ये सापडत नाही. यांत्रिक फिक्स्चर कारखाना स्वतः बनवतो तेही याच कारणासाठी. मात्र इथे टूलरूमला काही सवयी बदलाव्या लागतील. देखणेपणासाठी केलेले अ‍ॅनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग विजेला अडवते, त्यामुळे जमीन-जोडणीची जागा उघडी, स्वच्छ धातूची ठेवावी लागते. एसएमए कनेक्टर बोटांनी अंदाजे आवळायचा नसतो. पितळी कनेक्टरला साधारण ०.५६ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, आणि टॉर्क रेंच या पट्ट्याला नवा नाही. केबल वाकली की मोजमाप बदलते, म्हणून तीही क्लॅम्प करावी लागते. हे सारे बदल फिटरला अर्ध्या दिवसात समजावता येतात. रेडिओ शिकलेल्या पदवीधराला धातूकामाची शिस्त शिकवायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. केबलमध्ये किंवा बंद धातूच्या डब्यात केलेले मोजमाप आणि अँटेना लावून हवेत सोडलेला सिग्नल या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यापाशीच थांबावे. स्वतः शिकण्यासाठी पुढे जायचे असेल तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढावा. त्या अभ्यासातून अँटेना, फिल्टर आणि प्रसारणाची समज येते ती वेगळीच.

या पट्ट्याची आणखी एक जबाबदारी आहे, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चाकणमधून जाणारा पुणे-नाशिक रस्ताच पुढे नारायणगावला पोहोचतो आणि तिथून जवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली इथल्याच अभियंत्यांनी कल्पकतेने आणि कमी खर्चात उभ्या केल्या. मानवी रेडिओ गोंगाट कमी, हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारा सिग्नल ऐकणारी दुर्बीण आणि रोज हजारो इन्व्हर्टर रस्त्यावर उतरवणारा उद्योग एकाच महामार्गावर आहेत. आपल्या मालाचा गोंगाट मोजणे हा त्या शेजाऱ्याशी सभ्यपणे वागण्याचाही भाग आहे.

काम कोणी करायचे हेही स्पष्ट आहे. महापालिकेच्या मोरवाडी आयटीआयने फिटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना एकत्र बसवून एका सत्रात एक आरएफ फिक्स्चर त्याच्या चूक-पत्रकासह बनवून घ्यावे. आकुर्डी-निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत तयार मॉड्यूल जोडण्याऐवजी मोजमाप पडताळण्याला गुण द्यावेत. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरने लहान पुरवठादारांसाठी मास्टर पीस आणि एका मोठ्या प्रयोगशाळेशी तुलना करण्याची सोय महिन्यातून एकदा खुली करावी. याला मोठा निधी लागत नाही, नवी इमारत तर नाहीच. लहान कारखानदारांनी तर कोणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पहिला बोर्ड कोरावा, त्याची चूक मोजावी आणि ती त्याच्यावरच लिहावी.