चषक घरचा, लीग शेजारची

बँकेत असताना काही वर्षे मी एका एक्स्टेन्शन काउंटरवर काढली. साखर कारखान्याच्या आवारात दोन खोल्या आणि तीन माणसे. तिजोरीसुद्धा आमची नव्हे. संध्याकाळ झाली की रोकड पेटीत घालून जीपने मुख्य शाखेत रवाना. तरी ऊस घालायला आलेला शेतकरी त्याला ‘आमची बँक’च म्हणे. परवा लिश्टेनस्टाईनच्या फुटबॉलविषयी वाचताना ते काउंटर आठवले.

देश कसला, आपल्या तालुक्याहून लहान. 160 चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे 40 हजार, क्लब सात. सातांची लीग ती काय भरवायची? म्हणून त्यांनी ती भरवलीच नाही. सातही क्लब स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये आपापल्या कुवतीच्या पायरीवर खेळतात. युरोपीय फुटबॉल महासंघात स्वतःची लीग नसलेला हा एकटाच देश. 1924 पासून चलनही स्विस फ्रँकच आहे म्हणा!

स्वतःचा आहे तो चषक, 1946 पासूनचा. संघ पुरावेत म्हणून क्लबांचे दुसरे संघही उतरवतात आणि बहुतेक वर्षी फाडुत्स हा राजधानीचा क्लबच तो घेऊन जातो. 2012 साली एशेन-माउरेनने त्यांना हरवले, पण असे क्वचित. विजेत्याला युरोपच्या स्पर्धेत पात्रता फेरीपासून प्रवेश. आता गंमत पाहा. फाडुत्स उद्या स्विस लीगमध्ये पहिला आला, तरी स्वित्झर्लंडच्या नावाने युरोपात जाऊ शकत नाही. त्यांचा दरवाजा एकच, घरच्या चषकाचा. 2022 साली त्याच दरवाजाने शिरून, व्हिएन्नाच्या रापिडला बाहेर काढून, ते कॉन्फरन्स लीगच्या गटसाखळीत पोचले. तेव्हा स्विस लीगमध्ये ते दुसऱ्या श्रेणीत खेळत होते!

मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. पोर रोज आपल्याहून तगड्याशी खेळले तरच तयार होते. 2004 साली याच देशाने दोन गोलांनी मागे पडूनही पोर्तुगालला 2-2 असे रोखले होते.

पण दुसरी बाजू सान मारिनोची. हा देश 61 चौरस किलोमीटरचाच, तरी 1985 पासून स्वतःची लीग चालवतो. एकच श्रेणी, त्यामुळे खाली घसरण्याची भीती कोणालाच नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पदावनतीची तरतूदच नाही! अशा लीगमधून काय निघणार, असे मी म्हणत असे. मग 2024 च्या सप्टेंबरात सान मारिनोने लिश्टेनस्टाईनला 1-0 ने हरवले, आणि नोव्हेंबरात फाडुत्समध्ये येऊन, मध्यंतराला पिछाडीवर असताना, 3-1 ने.

दोन सामन्यांवरून मी मत बदलणार नाही. पण एक गोष्ट मनात राहते. सान मारिनोतला सामान्य खेळाडूही आपल्या देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळतो. लिश्टेनस्टाईनमधल्या रुगेलच्या पोराला मात्र रविवारी एखाद्या स्विस गावाशी, स्विस लीगच्या खालच्या पायरीवर खेळावे लागते. फाडुत्सच्या पहिल्या संघाशी त्याची गाठ पडायची, तर ती चषकात आणि तीही चिठ्ठी तशी निघाली तरच.