खपले म्हणून हिणकस?

एखादे गाणे फार खपले की त्याच्याविषयी नाक मुरडणे हा आपल्याकडे रसिकतेचा पुरावा मानला जातो. १९९५ साली मॅग्नासाउंड कंपनीने काढलेल्या अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया' ह्या ध्वनिफितीच्या वाट्याला हेच आले. तिच्या खपाचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण लाखांच्या खाली कोणीच उतरत नाही. कोणत्याही चित्रपटाचा टेकू नसलेल्या गाण्याला एवढे गिऱ्हाईक मिळावे ही खरे तर कुतूहलाची गोष्ट. आमच्या टीकाकारांना तेवढ्यावरून तिची किंमत कळली.

त्यांचे म्हणणे असे की, हे धंदेवाईक आहे. ह्या आक्षेपाचे मला हसू येते. मग चित्रपटसंगीत काय धर्मार्थ वाटले जाते? तिथे निर्माता, वितरक, नट, कॅसेट-कंपनी इतक्यांचे पोट भरल्यावर गाण्याची पाळी येते. त्यातल्या उत्तम गाण्यांना आपण कला म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण मग एका बाईने स्वतःच्या नावावर चार उडत्या चालीची गाणी विकली की तेवढा बाजार का ठरावा? आणि आनंदी गाणे म्हणजे उथळ गाणे, हा हिशेब कोणी मांडून दिला? आपल्याला डोळ्यांत पाणी आल्याशिवाय संगीत ऐकल्यासारखे वाटत नाही, हा आपल्या सवयीचा दोष आहे, गायिकेचा नव्हे.

मराठी माणसाने तर हा आक्षेप तोंडातून काढू नये. आपले भावगीत वाढले ते कशावर? जी. एन. जोशी, गजानन वाटवे ह्यांची गाणी रेकॉर्डवर विकत घेऊन लोक ऐकत होते. पडद्यावर कोणाचे ओठ हलतात ह्याची वाट कोणी पाहत नव्हते. जोशी तर पुढे एच.एम.व्ही. कंपनीतच ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. गायक, कंपनी आणि गिऱ्हाईक ह्या तिघांचा तो उघड व्यवहार होता, आणि त्यातून आपल्याला सुंदर गाणी मिळाली. दोन्हींची प्रत एकच आहे असे मी म्हणत नाही. वाट एकच होती, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. लोकांनी गाणे ऐकलेच नाही म्हणे. पेटीतून उघड्या अंगाने बाहेर येणारा मिलिंद सोमण पाहिला. पाहिला, ह्यात शंका नाही. शिवाजी पार्कच्या त्या जलतरणपटूला पाहून कित्येक घरांत सुस्कारे पडले असतील. परंतु त्या चित्रफितीत स्वयंवर मांडून बसलेली राणी कोण होती? गाणारीच. आवाज जिचा, चेहरा तिचाच. आपण 'पार्श्वगायिका' हा शब्द इतक्या सहजपणे वापरतो की त्यातल्या 'पार्श्व'कडे आपले लक्षच जात नाही. पडद्यामागे उभे राहून दुसरीच्या ओठांना आवाज पुरवायचा, हीच गाणाऱ्या बाईची रीत ठरून गेली होती. १९८१ च्या 'डिस्को दीवाने'ने नाझिया हसनला ह्या रीतीबाहेर आणले. त्या गाण्यांमागेही बिड्डूच होते आणि 'मेड इन इंडिया'मागेही तेच. बंगळूरहून इंग्लंडात जाऊन तिथे नाव काढलेल्या माणसाने इंग्रजी मथळ्याचे स्वदेशप्रेम विकावे, ही गंमत खरी. त्या गाण्याचे शब्दही बेताचेच आहेत. टीकाकारांनी त्यावर लिहिले असते तर मी मुकाट्याने मान हलवली असती.

पण ज्यावर लिहायला हवे होते त्यावर कोणी लिहिले नाही. चित्रपटात गाणाऱ्याला त्या काळी एकरकमी बिदागी मिळे आणि संबंध तिथेच संपे. साठीच्या दशकात लता मंगेशकरांनी रॉयल्टीचा प्रश्न काढला; एकदा पैसे घेतले की हक्क संपला, असे मोहम्मद रफींचे मत होते; आणि त्यापायी ही दोघे काही वर्षे एकत्र गायली नाहीत. पुढे १९९४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गायकाला प्रथमच आपल्या गायनावर हक्क मिळाला. मात्र त्याच कलमात पाचर मारून ठेवली होती: चित्रपटासाठी गायन द्यायला एकदा संमती दिली की हा हक्क लागू नाही! म्हणजे ज्या वर्षी ही ध्वनिफीत आली, त्या वर्षी गायकाला कायद्याने उघडे असलेले दार चित्रपटाबाहेर होते. कंपन्यांनी त्या दारातून आत येणाऱ्यांना काय दिले, हा हिशेब निराळा. पण दार होते. २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत चित्रपटातल्या गायकाला तेवढेही नव्हते.

अशा वेळी रसिकांनी काय करावे? त्या दारात उभे राहून आणखी चार चांगले गाणारे आत बोलवावेत, की 'हे काय गाणे आहे' म्हणून ते लोटून घ्यावे? आपण लोटून घेतले. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या नव्या चित्रपटांच्या गाण्यांच्या जाहिराती दिवसभर दाखवू लागल्या, कंपन्यांचा पैसा तिकडे वळला, आणि नव्या शतकाची पहिली काही वर्षे सरतात न सरतात तोच स्वतःच्या नावाने हिंदी गाणे काढणारा गायक हौशी ठरू लागला. ह्याचे कोणी दुःख केल्याचे माझ्या वाचनात नाही. चित्रपटाने गाणे गिळले म्हणून गळा काढणारेच चित्रपटाबाहेर खपलेल्या गाण्याला हसत होते.

अलिशा चिनॉयला २००६ साली फिल्मफेअरचे उत्कृष्ट पार्श्वगायिकेचे पारितोषिक मिळाले, ते 'बंटी और बबली'तल्या 'कजरा रे'साठी. त्या गाण्यावर पडद्यावर नाचली ती ऐश्वर्या राय.