विधेयकातील प्रक्षेप

पाठचिकित्सेच्या तासाला 'प्रक्षेप' ही संज्ञा आपण शिकतो आणि शिकवतो. मूळ संहितेत मागाहून कुणी घातलेला, तिचाच भाग म्हणून वावरणारा मजकूर म्हणजे प्रक्षेप. पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशा भेसळीला कंटाळूनच. तिथे ओव्या घालणाऱ्यांचा हेतू बहुधा भक्तीचा किंवा हौसेचा असावा. त्यातून कुणाच्या तिजोरीत भर पडत नव्हती. कायद्याच्या संहितेतील प्रक्षेप मात्र पुरते समजूनउमजून केलेले असतात, आणि त्यांचा लाभार्थी शोधायला फार दूर जावे लागत नाही.

उदाहरण वित्त विधेयकाचे घेऊ. अर्थसंकल्पातील करप्रस्तावांना कायद्याचे रूप देणे हे त्याचे काम. शीर्षकही तेच सांगते. पण संहिता काय सांगते?

२८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी लंडनस्थित वेदान्त समूहाच्या स्टरलाइट आणि सेसा या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याचा सकृद्दर्शनी भंग केला आहे. सहा महिन्यांत कारवाई व्हावी. यातली सेसा म्हणजे गोव्याच्या खाणींमधून मोठी झालेली कंपनी. कारवाई झाली नाही, व्याख्या बदलली. २०१६ च्या वित्त अधिनियमात एक कलम आले : परकीय गुंतवणूक ठरलेल्या मर्यादेत असेल तर ती कंपनी 'परकीय स्रोत' समजू नये, आणि हे २६ सप्टेंबर २०१० पासून लागू मानावे. परंतु वादातल्या देणग्या त्याआधीच्या, १९७६ च्या जुन्या कायद्याच्या काळातल्या होत्या. मग २०१८ च्या वित्त अधिनियमाने २०१६ च्या त्या कलमातील तारीख खोडून तिथे '५ ऑगस्ट १९७६' घातली. एका तारखेच्या पाठभेदाने चौतीस वर्षांचा भूतकाळ निर्दोष झाला. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने हे विधेयक गदारोळात, चर्चेविना संमत केले.

मधल्या वर्षीचा प्रक्षेप याहून मोठा. २०१७ च्या वित्त अधिनियमाने रिझर्व्ह बँकेचा कायदा, लोकप्रतिनिधित्वाचा कायदा, आयकराचा कायदा आणि कंपनी कायदा एकदम बदलून निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच कंपनीने राजकीय देणगी द्यावी ही मर्यादा गेली. कोणत्या पक्षाला किती दिले हे ताळेबंदासोबत सांगण्याचे बंधनही गेले. तोट्यातली कंपनीही आता हवे तेवढे, आणि नाव न सांगता, देऊ शकत होती.

हे सारे वित्त विधेयकातच का? उत्तर एका क्रियाविशेषणात आहे. संविधानाच्या ११० व्या अनुच्छेदानुसार कर, सरकारी उसनवारी, संचित निधी अशा ठरावीक बाबींशी 'केवळ' संबंधित असलेले विधेयक धन विधेयक ठरते. ते तसे आहे की नाही, याचा निर्णय लोकसभाध्यक्षांचा. एकदा तो शिक्का बसला की राज्यसभेला चौदा दिवसांत शिफारशी करण्याखेरीज काही उरत नाही. मार्च २०१७ मध्ये राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने त्या फेटाळल्या. 'केवळ' हा शब्द छापील प्रतीत जागच्या जागी होता. वाचताना तो गाळला गेला.

ज्या सभागृहाला असा वळसा घातला जातो, ते आपले विशेष जवळचे आहे. राज्यसभेत साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांसाठी बारा नियुक्त जागा आहेत. मामा वरेरकर अशाच जागेवर होते. राज्यात विधानपरिषदेची रचनाही तशीच आहे. आपल्याच जिल्ह्यातील पळसखेड्याचे ना. धों. महानोर तिथे नियुक्त सदस्य होते, आणि मराठवाड्यातील शिक्षक व पदवीधर तिथे आपले प्रतिनिधी निवडून पाठवतात. धन विधेयकापुढे तीही राज्यसभेइतकीच हतबल असते.

कुणी म्हणेल, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोखे योजना आणि कंपन्यांच्या अमर्याद देणग्या दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या, मग व्यवस्था सावध आहेच की. खरे आहे, पण त्याला सात वर्षे लागली, आणि त्या काळात लोकसभेची एक निवडणूक पार पडली. शिवाय धन विधेयकाच्या मार्गाचा प्रश्न २०१९ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला होता. २०२४ च्या निकालाने त्याला हात घातला नाही. चोरलेली वस्तू परत मिळाली, खिंडार मात्र बुजले नाही. अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांच्या घटनांत 'एक विधेयक, एक विषय' असा नियम आहे. तो आपल्याकडे का नसावा, यावर चर्चा व्हायला हरकत नाही.

तारखांचे मोल पुंडलिकनगर आणि आसपासच्या वसाहतींना वेगळे सांगायला नको. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्याच वर्षाच्या १ जानेवारीनंतर झालेली बांधकामे त्याच्या कक्षेबाहेर होती. ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकायला २०२१ साल उजाडले, आणि तेही स्वतंत्र दुरुस्ती करून, उघडपणे, प्रशमन शुल्क आकारून. वीस बाय तीसच्या घराची तारीख सरकायला वीस वर्षे आणि पदरचा पैसा लागतो. पक्ष आणि कंपन्यांची तारीख अर्थसंकल्पाच्या एका ओळीत, फुकट सरकते. कायद्यापुढील समानतेवर यापेक्षा बोलके भाष्य कोणते?

साहित्याच्या अभ्यासकाने यात काय करावे? जे त्याला येते तेच. शीर्षक आणि संहिता यांची फारकत दिसली की थांबावे, पाठभेद ताडून पाहावेत, प्रक्षेपावर बोट ठेवावे. आणि शिक्षक मतदारसंघाचा उमेदवार मत मागायला आला, की वेतनश्रेणीच्या प्रश्नासोबत त्याला हेही विचारावे : सभागृहात आलेले विधेयक तुम्ही शेवटच्या कलमापर्यंत वाचता का?