तळघर कोण शिकवणार?

नर्सिंगच्या वर्गात नाटक आणायचं म्हटलं की आमच्याकडे स्नेहसंमेलन आठवतं. मी नर्सिंग शिकवते. मला नाटक वेळापत्रकात हवं आहे.

अरुणा शानबाग यांचंच पाहा. १९७३ साली केईएमच्या तळघरात, कपडे बदलताना, त्यांच्यावर हल्ला झाला. २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षं, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ही ४२ वर्षं आम्ही 'सेवाभाव' म्हणून सांगतो. तळघर मात्र शिकवत नाही. परिचारिकेला कपडे बदलायला तळघरच का? हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची. बलात्काराची का नाही? हे कोणत्या पेपरात विचारतात?

अशा शिक्षणाला ब्राझीलच्या पाउलो फ्रेरी यांनी बँकेची उपमा दिली: शिक्षकाने भरायचं, विद्यार्थ्याने साठवायचं. त्यांचेच देशबंधू ऑगुस्तो बोआल यांच्या नाटकात प्रेक्षक प्रसंग थांबवतो, स्वतः मंचावर येतो आणि तो प्रसंग बदलून पाहतो. राउंडला चुकीच्या डोसवर बोट ठेवणारी मुलगी अशा तालमीतून घडेल. प्रोसिजर बुक उतरवून काढून नाही.

'आधी सुई नीट टोचू दे, नाटकं नंतर,' असं मला ऐकवतात. सुईसाठी तुम्ही डमीवर सराव घेताच ना? मग जिभेचा सराव थेट पेशंटच्या जिवावर का?

लॅम्प लायटिंगला मुलामुलींच्या हाती दिवा देता. तो तळघरात न्यायची मुभाही द्या.